दवाखान्याचं नाव काढलं की विषय बदलणाऱ्या नवऱ्याला तपासणीला कसं न्यायचं?

ताई, तुम्ही लिहिलेलं आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मी कशाचं उत्तर देतेय ते स्पष्ट राहील. तुमचे मिस्टर ४८ वर्षांचे. सहा महिन्यांपूर्वी ऑफिसातल्या तपासणीत त्यांचं बीपी १५८/९८ निघालं आणि त्यानंतर त्यांनी ते पुन्हा मोजलेलं नाही. त्यांचे वडील ५२व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. ते रात्री मोठ्याने घोरतात आणि सकाळी उठतानाच दमलेले असतात. तुम्ही दोनदा परस्पर डॉक्टरांची वेळ घेतलीत, दोन्ही वेळा ऐनवेळी त्यांना काम निघालं. आता विषय निघाला की भांडणच होतं. तुम्ही विचारलंय, "यांना तब्येतीचं गांभीर्य पटवून कसं द्यायचं?"

मी फॅमिली डॉक्टर आहे. बायकोने, बहिणीने, मुलीने हट्टाने आणलेले पुरुष तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्या अनुभवावरून सांगते, पटवून देण्याचा नाद सोडा. ज्याने आपले वडील ५२व्या वर्षी गेलेले पाहिलेत आणि जो स्वतः आज ४८चा आहे, त्याला गांभीर्य माहीत नाही असं होत नाही. असे पुरुष मनातल्या मनात वर्षं मोजत असतात. तुम्हाला दिसते ती बेफिकिरी, पण आत बहुतेक वेळा धसका असतो. त्यावर आणखी माहिती, आणखी व्हिडिओ, आणखी "बघा, अमक्याचं काय झालं" असं ओतलं की धसका वाढतो आणि माणूस आणखी लांब पळतो.

मग अडतं कुठे? माझ्यासमोर बसून पुढे कधीतरी मोकळं बोललेल्या पुरुषांच्या तोंडून एक गोष्ट फिरून फिरून ऐकली आहे. आजाराइतकीच त्यांना भीती असते ती आजार निघाल्यावर आपल्या हातात काय उरेल याची. एकदा डॉक्टरकडे गेलो की गोळ्या जन्माच्या मागे लागणार, हे बंद, ते बंद, घरात प्रत्येक घासाला आणि प्रत्येक उशिराला कुणीतरी टोकणार, ऑफिसात कळलं तर लोक वेगळ्या नजरेने बघणार. आजवर सगळ्यांचं आपण बघत आलो, आता आपल्यालाच कुणीतरी बघावं लागणार. हे त्यांना नको असतं. तुम्ही परस्पर वेळ घेतलीत त्यामागे तुमची काळजी होती, यात शंका नाही. पण त्यांच्या बाजूने पाहिलं तर ज्याची भीती होती तेच घडलं. त्यांच्या शरीराचा निर्णय त्यांना न विचारता झाला होता. माझ्या सगळ्या उत्तराचं सूत्र इथेच आहे. निर्णय त्यांच्या हातात राहू द्या आणि पहिलं पाऊल इतकं लहान करा की नाही म्हणायला कारणच उरू नये.

सवयीचाही भाग आहे आणि त्याचा दोष कुणा एकाला देता येत नाही. पाळी, गर्भनिरोधन, बाळंतपण, गर्भाशयमुखाची तपासणी अशा निमित्तांनी बाईचा डॉक्टरांशी तरुणपणापासून संबंध येत राहतो. धडधाकट मुलगा मात्र लहानपणीची लसीकरणं संपली की जो दवाखान्यातून बाहेर पडतो, तो चाळिशीपर्यंत हाड मोडल्याशिवाय किंवा ताप चढल्याशिवाय परत येत नाही. काही दुखत नसताना डॉक्टरकडे जायचं असतं, हे त्याने कधी केलेलंच नसतं. जगभरात बायका पुरुषांपेक्षा सरासरी सुमारे ५ वर्षं जास्त जगतात. त्यात निसर्गाचा, तंबाखू-दारूचा, धोक्याच्या कामांचा वाटा आहे, तसाच उशिरा तपासणीला येण्याचाही आहे.

पुढे जाण्याआधी, हे सगळं परिस्थितीवर कसं अवलंबून आहे तेही सांगते. त्यांना आत्ता काही लक्षणं असतील तर हळूहळू जुळवून घेण्याची चैन परवडणारी नाही. चालताना किंवा जिना चढताना छाती दाटणं, पूर्वी न लागणारा दम लागणं, शौचातून किंवा लघवीतून रक्त जाणं, काळं डांबरासारखं शौचाला होणं, प्रयत्न न करता वजन उतरणं, अंडकोषात न दुखणारी गाठ लागणं, यांपैकी काहीही असेल तर याच आठवड्यात डॉक्टर गाठा, मग थोडं भांडण झालं तरी चालेल. दुसरं, त्यांचं न जाणं खरोखर वेळेमुळे असू शकतं. सुट्टी घेतली की पगार कापला जातो अशा नोकरीतल्या माणसाला समजावत बसण्यापेक्षा कामाच्या वेळेबाहेर उघडा असणारा दवाखाना शोधून दिला तर निम्मा प्रश्न सुटतो. तिसरं, तुमच्या दोघांत आधीच इतर कारणांनी ताण असेल तर तब्येतीचं बोलणं तुमच्याऐवजी त्यांच्या मित्राने किंवा भावाने काढलेलं बरं.

आता बोलायचं कसं. मिलर आणि रोलनिक या मानसशास्त्रज्ञांनी व्यसनमुक्तीच्या कामातून समुपदेशनाची एक पद्धत विकसित केली. आज ती आमच्याकडे बीपी आणि डायबेटिसच्या रुग्णांसाठीही वापरली जाते. तिच्या मुळाशी असलेलं निरीक्षण घरातही तंतोतंत खरं ठरतं. तुम्ही बदलाच्या बाजूने जितकं जोरात बोलाल, तितकं समोरच्याला न बदलण्याच्या बाजूने बोलावं लागतं. आणि माणूस स्वतःच्या तोंडून जे ऐकतो त्यावर त्याचा विश्वास घट्ट होत जातो. "मला काही झालेलं नाही" हे ते तुम्हाला दर भांडणात सांगतात, म्हणजे दर भांडणात स्वतःलाही सांगतात. म्हणून असं काहीतरी विचारा की उत्तर देताना त्यांना दुसरी बाजू बोलावी लागेल.

"त्या दिवशी १५८ आकडा पाहिल्यावर तुमच्या मनात काय आलं?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. गप्प बसणं हा यातला सगळ्यात अवघड भाग आहे. ते "काही नाही" म्हणाले तरी लगेच वाक्य भरून काढू नका. थोड्या वेळाने, कदाचित दुसऱ्या दिवशी, काहीतरी येईल. "मशीन बिघडलेलं असेल" असं आलं तर उत्तमच. "असेलही, मग नीट मशीनवर मोजून बघू या का?" असं म्हणता येतं. "बाबांसारखं होईल की काय असं वाटलं" असं आलं तर सल्ला देऊ नका, फक्त ऐका. वडिलांचा विषय तुम्ही स्वतःहून काढू नका. ते हत्यार म्हणून वापरलं गेलं असं एकदा वाटलं की ते दार बंद होतं. तुमची स्वतःची भीती मात्र एकदा सांगायला हरकत नाही. "मला रात्री भीती वाटते" हे खरं असेल तर सांगा. "तुम्हाला आमची काळजीच नाही" असं म्हणू नका. पहिल्या वाक्यात तुमचं मन आहे, दुसऱ्यात त्यांच्यावर आरोप.

जागाही महत्त्वाची. समोरासमोर बसून, डोळ्यात डोळे घालून काढलेला विषय पुष्कळ पुरुषांना उलटतपासणीसारखा वाटतो. चालताना, गाडीत, काहीतरी काम करता करता शेजारी शेजारी असताना ते जास्त बोलतात. माझ्या खोलीतही हे दिसतं. समोरच्या खुर्चीत "सगळं ठीक" म्हणणारा माणूस मी बीपीचा पट्टा गुंडाळत असताना, किंवा उठून दाराशी गेल्यावर, खरं काय ते सांगतो. मुलांसमोर, पाहुण्यांसमोर किंवा आधीच पेटलेल्या वादात हा विषय नकोच.

तपासणी माणसाच्या ओळखीच्या जागी आली तर काय होतं, याचं एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. डॉ. रोनाल्ड व्हिक्टर आणि सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिसच्या परिसरातल्या ५२ सलूनमध्ये नेहमी येणाऱ्या ३१९ कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास केला. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांचंच बीपी वाढलेलं होतं. काही सलूनमध्ये फार्मासिस्ट तिथेच येऊन बीपी मोजायचे आणि डॉक्टरांशी ठरवलेल्या पद्धतीने औषधं द्यायचे. बाकीच्या सलूनमध्ये केस कापणारा फक्त "डॉक्टरांकडे जाऊन या" असं सुचवायचा. सहा महिन्यांनी पहिल्या गटात वरचा आकडा सरासरी २७ने उतरला होता, दुसऱ्या गटात ९ने. दोन्हीकडे माणसं तशीच, आजार तोच. पहिल्या गटाला ओळखीच्या खुर्चीत बसूनच उपचार मिळाले, हा मोठा फरक.

तुमच्या घरी याचा सोपा अवतार म्हणजे बीपीचं मशीन. दंडाला पट्टा बांधायचं घ्या, मनगटाचं नको. पट्टा त्यांच्या दंडाच्या मापाचा हवा, कारण लहान पट्ट्यावर आकडा खोटाच जास्त येतो. आणि त्यांच्यापुढे विषय ठेवायचा तो असा: "१५८ खरं की खोटं ते एका आठवड्यात कळेल. आकडा काहीही आला तरी पुढे काय करायचं ते तुम्ही ठरवा." हे म्हणणं वैद्यकीयदृष्ट्याही बरोबर आहे. एका वेळच्या आकड्यावर निदान होत नसतं. धावपळीत, बोलता बोलता, तपासणीच्या ताणात बीपी वर जातंच.

मोजायची रीत नीट पाळली नाही तर आठवडा फुकट जाईल, म्हणून ती सविस्तर सांगते. आधी अर्धा तास चहा-कॉफी, सिगारेट, व्यायाम नको. लघवी करून यायचं. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, पायावर पाय न टाकता ५ मिनिटं शांत बसायचं. हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीला. मोजताना बोलायचं नाही, आणि तुम्हीही त्यांच्याशी बोलायचं नाही. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं, सकाळी आणि संध्याकाळी, असं ७ दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर बीपी वाढलेलं धरतात. दवाखान्यात हीच रेघ बहुतेक ठिकाणी १४०/९० असते. कधी १८०/१२०च्या वर दिसलं आणि दुसरा काही त्रास नसला, तर पाच मिनिटं बसून पुन्हा मोजा. तरीही तसंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आकडे त्यांनी स्वतः लिहायचे. हे मी मुद्दाम सांगतेय. वहीत, फोनमध्ये, कुठेही, पण त्यांच्या हाताने. तुम्ही शेजारी बसून लिहायला लागलात की ते तुमचं काम होईल आणि चौथ्या दिवशी मशीन कपाटात जाईल. तुमचंही बीपी त्याच वेळी मोजा. दोघांचं मोजलं जातंय म्हटल्यावर तो त्यांच्यावरचा पहारा राहत नाही. शिवाय तुम्ही इतकं लिहिलंत, त्यात स्वतःच्या तपासणीबद्दल एक अक्षर नाही.

सरासरी जास्त निघाली तर वेळ त्यांनीच घेऊ दे. तुम्ही दोन-तीन डॉक्टरांची नावं सुचवा, निवड त्यांची. भेटीचं कामही मर्यादित सांगा: "हे आठवड्याचे आकडे आहेत, पुढे काय?" पूर्ण शरीराच्या तपासणीच्या मोठाल्या पॅकेजांनी सुरुवात करू नका. पन्नास गोष्टी तपासल्या की दोन-चार आकडे उगाच रेघेबाहेर जातात, त्यांच्या मागे आणखी तपासण्या लागतात आणि मुळात घाबरलेला माणूस पुन्हा फिरकत नाही. त्यांच्या वयाला आणि घराण्याच्या इतिहासाला पहिल्या फेरीत बीपी, कमरेचा घेर, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी रक्ततपासणी), कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कशी चालतात ते दाखवणारी), लघवीतलं प्रोटीन आणि ईसीजी एवढं सहसा पुरतं. एचबीएवनसी ६.५ किंवा जास्त म्हणजे डायबेटिस, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर. वडिलांना ५५च्या आत हृदयविकार झाला होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगायला हवं, कारण त्याने उपचाराचा निर्णय बदलू शकतो. आतड्याच्या कॅन्सरची तपासणी काही देशांत ४५पासून, काही ठिकाणी ५०पासून सुचवतात. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठीच्या पीएसए या रक्ततपासणीचे फायदे-तोटे दोन्ही आहेत, ती पन्नाशीनंतर बोलून ठरवायची गोष्ट आहे. या दोन्हींसाठी आज भांडू नका.

घोरण्याकडे मात्र कानाडोळा नको. मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकून दचकणं, पुरेसे तास झोपूनही थकवा आणि जोडीला बीपी, ही झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याच्या आजाराची, म्हणजे स्लीप अ‍ॅप्नियाची नेहमीची जोडगोळी आहे. श्वास थांबताना तुम्ही पाहिला असेल तर ते डॉक्टरांना सांगा, झोपलेल्या माणसाला स्वतःला ते दिसत नाही. याची तपासणी आता पुष्कळ वेळा घरच्या घरी झोपेत यंत्र लावून होते. मला या दुखण्याचा एक उपयोगही वाटतो. बीपी जाणवत नाही, थकवा रोज जाणवतो. "हृदय वाचवायला चला" याला नकार देणारा माणूस "सकाळी ताजंतवानं वाटेल" याला तयार होतो. त्यांना आत्ता कशाचा त्रास होतोय ते धरून सुरुवात करा, पंधरा वर्षांनंतरच्या धोक्यावरून नको.

तुम्ही बरोबर गेलात तर एक करा. थोडा वेळ खोलीबाहेर बसा. आणि आत असताना डॉक्टरांनी त्यांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही देऊ नका, ते चुकीचं सांगत असले तरी. मी अशा वेळी बायकोला काहीतरी निमित्ताने बाहेर पाठवते, कारण काही गोष्टी पुरुष बायकोसमोर बोलत नाहीत. सिगारेट खरंच सुटली का, नोकरीत काय चाललंय, आणि लैंगिक ताठरता कमी झाली आहे का.

या शेवटच्या गोष्टीवर थोडं थांबते, कारण लाजेपायी इथे जीव गेलेले आहेत. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असतात, साधारण १-२ मिलिमीटरच्या. हृदयाच्या ३-४ मिलिमीटरच्या. रक्तवाहिन्या खराब होऊ लागल्या की बारीक नळी आधी तक्रार करते. त्यामुळे चाळिशी-पन्नाशीत हळूहळू सुरू झालेली ही अडचण कधी कधी हृदयविकाराच्या काही वर्षं आधी मिळालेली सूचना असते. माणूस मात्र ती वयावर किंवा ताणावर ढकलतो, किंवा कुणाला न सांगता दुकानातून गोळी आणून घेतो. छातीत दुखण्यावर नायट्रेटचं औषध चालू असताना ती गोळी घेतली तर बीपी धोकादायक पातळीपर्यंत कोसळू शकतं. तुमच्या घरात हा विषय असेल-नसेल, मला माहीत नाही. असेल तर त्यांना इतकं कळू दे की डॉक्टरांसाठी हा लाजेचा विषय नाही, निदानाचा धागा आहे.

याचंच दुसरं टोक गोळी सुरू झाल्यानंतर दिसतं. बीपीच्या काही औषधांनी, विशेषतः काही बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या गोळ्या) आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी, ताठरतेवर परिणाम होऊ शकतो. पुरुष ते बोलत नाहीत, गुपचूप गोळी बंद करतात, आणि घरच्यांना वाटतं हा विसरभोळा आहे. औषधांचे दुसरे गट आहेत, बदलून देता येतं. फक्त मनाने बंद करायचं नाही, सांगायचं. गोळी घेतली का हे रोज विचारण्यापेक्षा महिन्यातून एकदा "औषधाचा काही त्रास होतोय का?" हे विचारणं जास्त कामाचं आहे.

मनाच्या तब्येतीबद्दल दोन गोष्टी. पुरुषांचं नैराश्य रडण्यातून दिसेलच असं नाही. चिडचिड, घुम्मेपणा, दारू वाढणं, बेफाम गाडी चालवणं, आवडीची कामं सुटणं या रूपात ते येतं, आणि स्वतःच्या तब्येतीची हेळसांड हेही त्याचं एक रूप असू शकतं. जगात आत्महत्येचं प्रमाण बायकांपेक्षा पुरुषांत दुपटीहून जास्त आहे. गेल्या वर्षभरात ते बदललेत असं तुम्हाला वाटत असेल, तर बीपी बाजूला ठेवा आणि आधी याबद्दल बोला. "जगणं नकोसं वाटतं का?" असं सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं याने माणूस मोकळा होतो. उत्तर हो आलं तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या.

आणि एवढं करूनही ते नाहीच म्हणाले तर? तसं होऊ शकतं. धडधाकट, जाणत्या माणसाला नाही म्हणायचा हक्क आहे आणि त्याच्या नकाराची जबाबदारी तुमची नाही. तुम्ही रोज तोच विषय काढून स्वतःला झिजवू नका. दोन-तीन महिने थांबा, मशीन घरात समोर राहू द्या, तुमचं बीपी मोजत राहा. वाढदिवस, एखाद्या मित्राचं आजारपण, नवं काम अशा वळणांवर माणसं आपण होऊन तयार होतात. त्या दिवशी "मी केव्हाची सांगत होते" हे वाक्य तेवढं गिळून टाका.

निर्णय त्यांचा, हे मी इतक्या वेळा म्हटलं, त्याला एकच अपवाद आहे. छातीत दाब किंवा कळ येऊन ती हाताकडे, जबड्याकडे, पाठीकडे जाणं, घाम फुटणं, एकाएकी दम कोंडणं. किंवा तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं. यातलं काही दिसलं तर ते "गॅस झालाय, पडून राहतो" म्हणतील. तेव्हा त्यांना विचारत बसू नका. वेळ लिहून ठेवा, ॲम्ब्युलन्स बोलवा, त्यांना स्वतः गाडी चालवू देऊ नका.